शस्त्र परवाना: वावर, व्यापार आणि कमरेचं पिस्तूल

या अंकासाठी आलेल्या पत्रांत बंदुकीच्या परवान्याबद्दलची पत्रं सर्वाधिक आहेत. कुणाला व्यापाराच्या रोकडीची काळजी, कुणाला डुकरांची, कुणाच्या घरी वडिलांची जुनी डबल बार, म्हणजे दुनळी बंदूक, पडून आहे. निवडक प्रश्नांची उत्तरं इथे देत आहोत.

प्रश्न: माझा कापूस खरेदीचा धंदा आहे. भाचा अमेरिकेत टेक्सासला असतो. तिथे शर्टाखाली पिस्तूल ठेवायला परवाना लागत नाही म्हणे. आपल्याकडे नुसत्या अर्जात वर्ष जातं, आणि चोराकडे मात्र कट्टा असतोच. मग लपवून शस्त्र बाळगायला परवान्याची अट हवीच कशाला?
(एक व्यापारी, ता. हिंगणघाट, जि. वर्धा)

उत्तर: भाचा सांगतो ते खरं आहे. टेक्सासमध्ये १ सप्टेंबर २०२१ पासून २१ वर्षं पूर्ण झालेल्या आणि कायद्याने अपात्र नसलेल्या माणसाला परवान्याशिवाय पिस्तूल जवळ ठेवता येतं. अमेरिकेतल्या निम्म्याहून जास्त राज्यांत आज अशी मुभा आहे. व्हर्मांट राज्यात तर परवान्याची अट कधीच नव्हती. शस्त्र बाळगण्याचा हक्क तिथल्या राज्यघटनेत १७९१ च्या दुसऱ्या दुरुस्तीने आला. २०२२ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने न्यूयॉर्कची ‘खास कारण सिद्ध करा’ ही अट रद्द केली. मात्र त्याच निकालात परवाना पद्धत मोडीत काढलेली नाही. चौकशी आणि प्रशिक्षण अशा ठरलेल्या अटी पूर्ण करणाऱ्याला परवाना देणारी राज्यं आजही तो देतात.

आपल्याकडे पायाच वेगळा आहे. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ३ प्रमाणे बंदूक विकत घेणं, घरात ठेवणं आणि सोबत नेणं, तिन्हीला परवाना लागतो. बंदूक बाळगणं हा भारतात मूलभूत हक्क नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये बेकायदा शस्त्रांच्या प्रकरणात म्हटलं आहे. आणखी एक गोष्ट अनेक परवानाधारकांनाही ठाऊक नसते. अमेरिकेत उघडं शस्त्र आणि झाकलेलं शस्त्र यांचे नियम वेगवेगळे असू शकतात. आपले शस्त्र नियम २०१६ सांगतात की सार्वजनिक ठिकाणी नेताना शस्त्र होल्स्टरमध्ये (पिस्तुलाच्या म्यानात) किंवा त्यासाठीच्या पिशवीत असावं, पूर्ण झाकलेलं असावं आणि नेणाऱ्याचा त्यावर पक्का ताबा असावा. म्हणजे परवाना असेल तर झाकून नेणं हाच इथला नियम आहे. खांद्याला उघडी बंदूक लटकवून आठवडी बाजारात फिरणं हा अटींचा भंग आहे, भले परवाना खिशात असो.

आता तुमचा मूळ प्रश्न. आमचं स्पष्ट मत आहे की परवान्याची अट हवी, आणि झाकून नेल्या जाणाऱ्या शस्त्राला तर हवीच हवी. चोर परवाना काढत नाही, हे तुमचं म्हणणं बरोबर. पण परवान्याची अट आहे म्हणूनच नुसता कट्टा जवळ सापडणं हा गुन्हा ठरतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याला किमान २ वर्षं आणि जास्तीत जास्त ५ वर्षं कैद आणि दंड आहे. पोलीस नाकाबंदीत माणसाला गोळी सुटायच्या आधी पकडू शकतात, ते याच जोरावर. अट काढून टाकली तर कमरेला पिस्तूल लावून तुमच्या जिनिंगच्या फाटकाशी उभा असलेला माणूस व्यापारी की लुटारू, हे त्याने पिस्तूल काढेपर्यंत कुणालाच विचारता येणार नाही. उघडी बंदूक निदान लोकांना दिसते. शर्टाखालच्या बंदुकीची एकमेव खूण म्हणजे सरकारदरबारची नोंद: कोणाकडे, कोणत्या क्रमांकाचं शस्त्र, कशासाठी, कोणत्या हद्दीत. ती नोंद गेली की चोरीला गेलेल्या पिस्तुलाचा मालकही सापडत नाही.

वर्ष लागतं ही तक्रार मात्र रास्त आहे, आणि भांडायचं असेल तर तिथे भांडा. नियमांनुसार पोलिसांनी अहवाल ३० दिवसांत द्यायचा असतो आणि अहवाल मिळाल्यापासून ६० दिवसांत अधिकाऱ्याने निर्णय घ्यायचा असतो. मुदत उलटली की लेखी स्मरणपत्र द्या, माहितीच्या अधिकारात फाईल कोणत्या टेबलावर आहे ते विचारा. गरजवंताला वर्षभर लटकत ठेवणारी कचेरी परवाना पद्धतीवरचा लोकांचा विश्वासच घालवते.

प्रश्न: परवान्याचा अर्ज नेमका कुठे, कसा करायचा? अर्ज का फेटाळले जातात?
(ता. वणी, जि. यवतमाळ)

उत्तर: अर्ज केंद्रीय गृह मंत्रालयाच्या शस्त्र परवाना पोर्टलवर ‘नमुना ए-१’ मध्ये भरायचा. त्याची प्रत कागदपत्रांसह जिल्हाधिकारी कार्यालयात द्यायची, कारण ग्रामीण भागात परवाना जिल्हादंडाधिकारी देतात. नागपूर आणि अमरावती शहरात हे काम पोलीस आयुक्तांकडे आहे. वय २१ पूर्ण हवं. ओळख, पत्ता आणि जन्मतारखेचा पुरावा, फोटो, डॉक्टरांचं शारीरिक व मानसिक तंदुरुस्तीचं प्रमाणपत्र, शस्त्र सुरक्षित हाताळण्याच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र आणि घरी शस्त्र कुलपात ठेवण्याचं हमीपत्र लागतं. एका माणसाला जास्तीत जास्त दोन बंदुका ठेवता येतात. २०१९ च्या आधी तीन चालायच्या. परवाना ५ वर्षांचा असतो.

अर्ज पडतात ते बहुतेक ‘कारण’ या रकान्यावर. ‘जिवाला धोका आहे’ एवढंच लिहिलं तर ठाण्याचा अंमलदार चौकशीत काय तपासणार? धोका कागदावर दिसला पाहिजे. व्यापाऱ्याने बाजार समितीचं लायसन, हंगामात बँकेतून काढलेल्या रकमांचा उतारा, खरेदीची गावं आणि रस्ता, आधी लुटीचा किंवा धमकीचा प्रकार झाला असेल तर त्या तक्रारीची प्रत, हे सगळं जोडावं. पोलीस पाटलाचा जबाब होतो, शेजाऱ्यांना विचारलं जातं.

दुसरी चूक म्हणजे जुनी केस लपवणं. दहा वर्षांपूर्वीची धुऱ्याच्या भांडणातली केस, निर्दोष सुटलेली असली तरी अर्जात लिहा आणि निकालाची प्रत जोडा. भांडणाच्या केसपेक्षा ती दडवल्याचं जास्त नडतं. तिसरी चूक पत्त्याची. आधारवर गावचा पत्ता आणि राहायला तालुक्याला, अशा वेळी चौकशी गावच्या ठाण्यात जाते, ‘अर्जदार येथे राहत नाही’ असा शेरा पडतो आणि फाईल तिथेच बसते.

नकार आला तर कारणं लेखी मागा. सार्वजनिक हिताला बाधा येते असं अधिकाऱ्याला वाटलं तरच तो ती देणं टाळू शकतो. पुरेशी मालमत्ता नाही, एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येत नाही, हे कलम १४ मध्ये लिहिलेलं आहे. दोन एकरवाल्याने हे लक्षात ठेवावं. आदेशावर ३० दिवसांत अपील करता येतं.

आणि परवान्याची वाट पाहत असताना रोकडच कमी करा. कापसाचे पैसे शेतकऱ्याच्या खात्यावर टाकले तर लुटायला रस्त्यात काही उरत नाही. पिस्तुलापेक्षा हा बंदोबस्त जास्त भरवशाचा आहे.

प्रश्न: .३२ बोअरच्या पिस्तुलाचा परवाना मिळाला. रोज मोटारसायकलने खेडोपाडी जातो. ते अंगावर कसं ठेवावं?
(ता. पुसद, जि. यवतमाळ)

उत्तर: कमरेच्या पट्ट्यात नुसतं खोचू नका. बहुतेक अपघात इथेच होतात. शर्टाचं टोक किंवा पट्ट्याची जीभ चापात अडकते, किंवा मोटारसायकलवरून उतरताना पिस्तूल घसरतं आणि माणूस ते पडताना झेलायला जातो. झेलताना बोट चापावर जातं. चाप पूर्ण झाकणारं, त्याच मॉडेलच्या मापाचं, वरून बटनाची पट्टी असलेलं कडक होल्स्टर घ्या. सैल कापडी पाकीट चालत नाही. ते पाठीच्या कण्यावर लावू नका, गाडी घसरून पाठीवर पडलात तर मणक्याला मार बसतो. उजव्या हाताच्या माणसाने उजव्या कुल्ह्याशी लावावं आणि वरून सैल शर्ट सोडावा. डिक्कीत किंवा हँडलच्या पिशवीत पिस्तूल ठेवून चहा प्यायला जाणं म्हणजे ते सोडून जाणंच आहे.

घरी आल्यावर रिकामं करताना क्रम चुकू नये. नळीचं तोंड सुरक्षित दिशेला, आधी मॅगझिन (काडतुसांची पेटी) काढायचं, मग स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकता भाग) मागे ओढायची आणि चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं तिथे) डोळ्यांनी व बोटानेही तपासायचं. मॅगझिन काढलं म्हणजे पिस्तूल रिकामं झालं, हा समज जीव घेतो. एक काडतूस चेंबरमध्ये राहिलेलं असतं. उलट्या क्रमाने केलं, म्हणजे आधी स्लाइड ओढली, तर मॅगझिनमधलं पुढचं काडतूस चेंबरमध्ये चढतं.

चैत्र-वैशाखात घामाने पिस्तुलावर दोन दिवसांत गंज धरतो. रोज रात्री कोरड्या फडक्याने पुसा आणि तेलाचा अगदी पातळ हात फिरवा. तेल काडतुसांना लागू देऊ नका, ते आत झिरपलं की काडतूस फुसकं जातं. पिस्तूल आणि काडतुसं वेगवेगळ्या कुलपांत ठेवा. पोरांना किल्लीची जागा माहीत असेल तर ते कुलूप नाहीच असं समजा.

मूळ परवाना सोबत हवा. पोलीस अधिकारी तो कधीही मागू शकतो, आणि दाखवता आला नाही तर शस्त्र जप्त होऊ शकतं. त्यावर हद्द लिहिलेली असते. पुसदहून पैनगंगा ओलांडून तेलंगणात जाणार असाल तर ती आधी वाचा. लग्नात, वरातीत हवेत बार काढू नका. त्याला २ वर्षांपर्यंत कैद, १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा आहेत.

प्रश्न: साहेब, डुकरायनं हरभऱ्याचं वाटोयं केलं. रोही वेगळेच. रोज रातभर जागल करून जीव थकला. भरमार बंदुकीचं लायसन भेटंन काय?
(ता. चिमूर, जि. चंद्रपूर)

उत्तर: भेटू शकतं, पण तुमच्या तालुक्यात एक जास्तीची पायरी आहे. पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या, म्हणजे भरमार बंदुकीच्या परवान्याची तरतूद कायद्यातच आहे. ती पुरेशी नाही असं अधिकाऱ्याला पटलं तर इतर गुळगुळीत नळीची बंदूकही मंजूर होते. अर्जाला सातबारा, पीकपेरा, नुकसानीचे पंचनामे आणि वनविभागाकडे केलेल्या तक्रारींच्या पोचा जोडा. पंचनामा नसेल तर नुकसान झालंच नाही असं धरलं जातं, म्हणून दर वेळी अर्ज द्या. त्यातूनच भरपाईही मिळते.

जास्तीची पायरी अशी. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या कलम ३४ नुसार अभयारण्यापासून १० किलोमीटरच्या आत नवा शस्त्र परवाना द्यायचा तर मुख्य वन्यजीव रक्षकांची आधी सहमती लागते. त्या पट्ट्यात राहणाऱ्या जुन्या परवानाधारकानेही वनविभागाकडे नाव नोंदवायचं असतं. ताडोबाच काय, मेळघाट, पेंच, नवेगाव-नागझिरा, बोर, टिपेश्वर, उमरेड-कऱ्हांडला यांच्या शेजारच्या गावांनाही हे लागू आहे. वाघाच्या मुलखात ही अट जाचक वाटली तरी ती असायलाच हवी. अभयारण्यातून जाणाऱ्या पायवाटेनेही परवानगीशिवाय बंदूक नेता येत नाही, मग ते वावराचं जवळचं पडत असलं तरी.

आता सगळ्यात महत्त्वाचं. बंदुकीचा परवाना म्हणजे जनावर मारायची परवानगी नव्हे. रानडुक्कर आणि रोही, म्हणजे नीलगाय, दोन्ही संरक्षित आहेत. उभ्या पिकाचं नुकसान करणाऱ्या जनावरासाठी कलम ११ खाली वनविभागाच्या अधिकृत अधिकाऱ्याकडून लेखी परवानगी घ्यावी लागते. ती हातात नसताना डुक्कर पाडलं तर परवाना असूनही वन गुन्हा दाखल होतो आणि बंदूक जाते. मांस वाटून घेतलं तर वाटेकरीही अडकतात.

भरमारीचे धोके वेगळे असतात. अंधारात, घाईत आधीच भरलेल्या नळीत पुन्हा दारू ठासली जाते आणि नळी फाटते. रिकाम्या नळीत ठासायचा गज किती खोल जातो तिथे गजावर खूण करून ठेवा. ठासण्याआधी गज टाकून पाहा, खूण वर राहिली तर नळी भरलेली आहे. पावसाळ्यानंतर बंदूक बाहेर काढली की आधी नळी साफ करा. कुंभारीण माशीचं मातीचं घरटंसुद्धा नळी फोडायला पुरतं. राखणीच्या मचाणावर भरलेली बंदूक घेऊन चढू नका.

एकट्याने चार एकर राखायला बंदूक फारशी कामाची नाही. कळप एका बाराने बाजूच्या वावरात जातो आणि तासाभराने परततो. सौर झटका मशीनचं कुंपण जास्त टिकाऊ काम करतं. जंगलालगतच्या गावांसाठी डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजना आहे, तिच्याबद्दल वनपरिक्षेत्र कार्यालयात विचारा. मशीनऐवजी लाईनवरून थेट करंट मात्र कधीही सोडू नका. त्यात डुकराबरोबर वाघ मरतो, बैल मरतो आणि पहाटे पाणी द्यायला निघालेला शेजारीही मरतो.

प्रश्न: छऱ्याच्या बंदुकीला परवाना लागतो का?
(ता. मूर्तिजापूर, जि. अकोला)

उत्तर: नळी .१७७ इंचापर्यंत, म्हणजे ४.५ मिलिमीटर, आणि ऊर्जा २० ज्यूलपर्यंत असेल तर नाही. यातली एकही मर्यादा ओलांडली तर लागतो. खरेदीचं बिल आणि त्यावरचं मॉडेल जपून ठेवा. या बंदुकीने वानर किंवा मोर मारला तरी तो वन्यजीव गुन्हाच आहे. माणसाच्या डोळ्याला छर्रा लागला तर डोळा जातो, म्हणून पोरांच्या हाती देऊ नका.

प्रश्न: वडील वारले. त्यांची बारा बोअरची डबल बार घरी आहे. परवाना माझ्या नावावर होईल का? तोवर ती वापरली तर चालेल का?
(ता. चिखली, जि. बुलडाणा)

उत्तर: वापरू नका. परवाना वडिलांच्या नावाचा होता, त्यांच्यासोबत तो संपला. विलंब न लावता बंदूक आणि सगळी काडतुसं पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्र विक्रेत्याकडे जमा करा आणि पावती घ्या. पावतीवर बंदुकीचा क्रमांक, बोअर आणि काडतुसांची संख्या स्वतः वाचून पाहा. मग मृत्यू दाखला, वारसांची यादी आणि बाकी वारसांची ना-हरकत जोडून स्वतःच्या नावाने अर्ज करा. वारसाला परवाना देण्याची तरतूद नियमांत आहे. वडील हयात असतानाही, त्यांचं वय ७० झाल्यावर किंवा शस्त्र २५ वर्षं त्यांच्याकडे राहिल्यावर, ते वारसाचं नाव सुचवू शकले असते. इतर वाचकांनी ही सोय वेळेत वापरावी, म्हणजे मागे राहिलेल्यांची धावपळ टळते.

बंदूक परत मिळाली की आधी बंदूक दुरुस्त करणाऱ्या परवानाधारक कारागिराला दाखवा. जुन्या डबल बारची चेंबर अनेकदा अडीच इंची असते आणि आजची काडतुसं पावणेतीन इंची, म्हणजे ७० मिलिमीटरची, मिळतात. ती आत बसतात, पण उडताना तोंड पूर्ण उघडायला जागा नसल्याने दाब वाढतो. वडिलांच्या वेळची कागदी काडतुसं दमट हवेने फुगलेली असतात, ती वापरू नका. आणि चाप दाबूनही बार उडाला नाही तर लगेच बंदूक उघडू नका. नळीचं तोंड सुरक्षित दिशेला धरून निदान मिनिटभर थांबा, बार उशिरा उडू शकतो.

प्रश्न: संत्र्याच्या बागेत रात्री चोर येतात, मोटारपंपाची केबलही नेतात. माझ्याकडे परवान्याची बंदूक आहे. गोळी झाडली तर कायदा माझ्या बाजूने राहील का?
(ता. वरुड, जि. अमरावती)

उत्तर: नुसत्या चोरीसाठी राहणार नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये स्वसंरक्षणाचा हक्क आहे, आणि मालमत्ता राखण्याचाही आहे. पण जीव जाईल एवढं बळ वापरायला जबरी चोरी, रात्रीची घरफोडी, किंवा जिवाची अथवा गंभीर दुखापतीची खरीखुरी भीती, असं कारण लागतं. संत्री तोडून पळणाऱ्याच्या पाठीत गोळी घालणं यात बसत नाही. तो खुनाचा गुन्हा होऊ शकतो. अंधारात दिसलेली सावली चोराची नसून जागलीला आलेल्या सालदाराची असू शकते, हेही ध्यानात असू द्या. बागेत दिवा, कुत्रं आणि दोघांची जागल ठेवा, शिट्टी वाजवा, ११२ ला फोन लावा. निवडणुकीच्या काळात बंदूक जमा करण्याची नोटीस आली तर वेळेत जमा करा आणि पोच जपा. राखणीची गरज असेल तर सवलतीचा अर्ज नोटीस मिळाल्याबरोबर द्यावा.

प्रश्न: आजोबांच्या काळची भरमार माळ्यावर सापडली. परवाना कुणाचाच नाही. नदीत टाकून द्यावी का?
(ता. धानोरा, जि. गडचिरोली)

उत्तर: टाकू नका, विकू नका, कुणाला देऊही नका. पाण्यातून ती भलत्याच्या हाती लागली आणि गावात तुमच्या घराचं नाव निघालं, तर सांगायला काहीच उरत नाही. सापडल्याचा दिवस, जागा आणि कुणासमोर सापडली ते लिहून अर्ज तयार करा. शक्य असेल तर आधी वकिलाला दाखवा. पोलीस पाटलाला बोलावून बंदूक आहे त्या जागीच दाखवा आणि ठाण्यात कळवा. स्वतः खांद्यावर टाकून ठाण्याकडे निघू नका, वाटेत कुणी अडवलं तर विनापरवाना शस्त्र घेऊन फिरत होतात एवढंच दिसेल. नळी भरलेली असू शकते, म्हणून घोडा ओढून पाहू नका आणि तिला चुलीजवळ ठेवू नका. पोलीस ताब्यात घेतील तेव्हा पंचनाम्याची प्रत मागून घ्या आणि ती सातबाऱ्याच्या कागदांसोबत ठेवा.